निळ्या पुस्तकातले दोन आकडे

लाइटहाऊसखालचं गेस्ट हाऊस, खोली नंबर ३
३ जानेवारी

मामा,

पोचले एकदाची. आईला सांग की मी जिवंत आहे, वेळेवर जेवतेय आणि स्वेटर घालतेय. (तिसरं खोटं आहे, पण ते तिला कळायची गरज नाही.)

तीन दिवसांत निळ्या पुस्तकातल्या सहा जागा पडताळून झाल्या. फॉर्म सोबत आहेत. फॉर्मात मावलं नाही ते इथे लिहिते.

चंद्रकोरीचा किनारा: पुस्तक म्हणतं 'रमणीय'. हा शब्द आपण पुस्तकात एकेचाळीस वेळा वापरलाय, मी बसमध्ये बसून मोजले. किनारा खरंच कोरीसारखा वळलाय, पण दोन्ही टोकांना मासे वाळत घातलेत. डोळ्यांना रमणीय, नाकाला नाही.

काळ्या वाळूचा किनारा: दुपारी अनवाणी चालू नये असं छापायलाच हवं. नुसता तवा. माझ्या तळपायाला फोड आलेत.

समुद्रात पडणारा धबधबा: जानेवारीत पडत नाही, ठिबकतो. तिथे एक आजोबा खुर्ची टाकून बसलेले असतात आणि येईल त्याला सांगतात, "चुकलात. पावसाळ्यात यायचं."

लाइटहाऊसची टेकडी: किनाऱ्यापासून १८७ पायऱ्या, अगदी पुस्तकात आहेत तेवढ्या. वर पोचेपर्यंत जीभ बाहेर आली.

मामा, मालकांना सांगशील ना की मुलगी काम करते? आईने बजावलंय, या दौऱ्यानंतर नोकरी कायम झाली नाही तर आत्याच्या शिलाईच्या दुकानात बसायचं, काजं-बटणं करायची. मला काज करता येत नाही. वाकडं होतं.

तुझी,
भिंगरी

---

संपादन विभाग, दुसरा मजला
७ जानेवारी

भिंगरी,

पत्र मिळालं, सहाही फॉर्म मिळाले. अक्षर सुंदर आहे. जरा जास्तच सुंदर आहे. वाऱ्यात उभं राहून, गुडघ्यावर कागद धरून लिहिलेलं अक्षर असं येत नाही.

काही प्रश्न आहेत. रागावू नकोस, हे मी सगळ्यांनाच विचारतो. धबधब्याकडे तोंड करून उभं राहिलं तर ते आजोबा कोणत्या हाताला बसतात? लाइटहाऊसच्या दाराचा रंग कोणता? आणि पायऱ्या तू स्वतः मोजल्यास का? चढताना की उतरताना?

तुझ्याआधी हे काम मालकांचा मेव्हणा करायचा. दोन महिने किनाऱ्यावर फिरून आला. रिपोर्ट असे की वाचताना ओठांवर मीठ लागावं. मग कळलं की पठ्ठ्या पहिल्याच गावात खोली घेऊन पत्ते कुटत बसला होता आणि जुन्या आवृत्तीतून उतरवून काढत होता. कसं कळलं ते विचारू नकोस. मला कळतं.

तेव्हापासून मालक म्हणतात, नात्यातलं माणूस नको. तुझ्यासाठी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. म्हणालो, भाची माझी आहे, जबाबदारीही माझी. तेवढं ध्यानात ठेवून उत्तर लिही.

मामा

---

खोली नंबर ३
११ जानेवारी

मामा,

उजव्या हाताला. दार हिरवं, पण खालचा वीतभर पत्रा गंजून तांबडा झालाय. पायऱ्या मी स्वतः मोजल्या. चढताना १८७, उतरताना १८७.

अक्षर सुंदर आहे कारण खोलीत टेबल आहे. दिवसभर वहीत खरडते आणि संध्याकाळी फॉर्मवर नीट उतरवते. हवी तर वही पाठवते, वाळूसकट.

तू मला पाढे शिकवायचास ते आठवतं? मला म्हणायला लावून तू पाठ करून उभा राहायचास आणि खिडकीच्या काचेत बघत राहायचास, मी हळूच वही उघडते का ते. मला काच दिसायची, मामा. मी एकदाही वही उघडली नव्हती, आणि तू एकदाही बघायचं सोडलं नव्हतंस.

काय ते सरळ सांग.

भिंगरी

---

संपादन विभाग
१५ जानेवारी

भिंगरी,

सरळच सांगतो. हे पत्र वाचून फाडून टाक.

आपलं पुस्तक चोरीला जातं. दर आवृत्ती निघाली की चार महिन्यांत बाजारात दुसऱ्यांची पुस्तकं येतात. तेच किनारे, तीच बेटं, क्रमसुद्धा तोच. वाळू कोणाच्या बापाची नाही, त्यामुळे त्यांच्यावर दावा कसा लावणार? म्हणून आपण पुस्तकात मुद्दाम खोटा आकडा पेरतो. ज्याच्या पुस्तकात तो आकडा सापडला तो चोर. आपण केस जिंकतो. ही पद्धत मीच सुरू केली, आणि ती फक्त मला आणि मालकांना माहीत आहे.

लाइटहाऊसच्या पायऱ्या १७४ आहेत. आठ वर्षांपूर्वी आमच्या माणसाने दोनदा मोजल्या होत्या. १८७ हा आकडा मी या टेबलावर, या खुर्चीत बसून लिहिला. मेव्हणा याच आकड्यावर पकडला गेला, आणि मग त्याने पत्ते कुटल्याचं स्वतः कबूल केलं.

आता तूच सांग, जगात फक्त माझ्या पुस्तकात असलेला आकडा तुला टेकडीवर कसा सापडला? तोही चढताना आणि उतरताना?

कंटाळली असशील, आजारी पडली असशील, कोणी भेटलं असेल. जे असेल ते खरं लिही. मालकांना मी अजून काही बोललेलो नाही. तुझ्या आईलाही नाही. पण फॉर्मवर 'पडताळले' म्हणून सही माझी लागते, आणि ती मी डोळे मिटून करणार नाही.

मामा

---

खोली नंबर ३
२० जानेवारी

मामा,

तुझं पत्र हातात घेऊन तडक टेकडीवर गेले. खिशात वाटाण्याएवढे खडे भरले, दर पायरीला एक टाकला. वरून उतरताना वेचत आले. १८७ खडे. मग लाइटहाऊसच्या राखणदाराला हाताला धरून आणलं, त्याला मोजायला लावलं. तोही १८७ म्हणाला, पण असं हसत म्हणाला की मला शंका आली. मी म्हटलं, काका, या १७४ होत्या ना? तर माणूस मटकन खालीच बसला.

"तुला कोणी सांगितलं?" म्हणाला.

मग बोलला. मामा, आता हे तू बसून वाच.

आठ वर्षांपूर्वी तुझ्या पुस्तकाची १८७ वाली आवृत्ती निघाली. लोक यायला लागले, पुस्तक हातात, पायऱ्या मोजत. वर आले की भांडण. "तेरा कमी आहेत. बाकीच्या कुठायत? वरचा भाग बंद ठेवलाय का? कोणासाठी ठेवलाय?" तो बिचारा सांगायचा, एवढ्याच आहेत. "म्हणजे छापील पुस्तक खोटं आणि तू खरा?" अभिप्रायाच्या वहीत पानंच्या पानं भरली. कोणीतरी थेट वरच्या साहेबाला कळवलं. साहेबाचं पत्र आलं: तेरा पायऱ्यांचं काय झालं याचा सात दिवसांत खुलासा करावा.

राखणदाराने खुलासा केला नाही. गावातल्या गवंड्याला बोलावलं आणि तेरा पायऱ्या बांधून घेतल्या.

पण बांधणार कुठे? जिना तर लाइटहाऊसच्या दाराशी संपत होता. म्हणून दाराच्या बाजूला, भिंतीला टेकून, वर चढवत नेल्या. तेरा पायऱ्या, मग हातभर रुंद ओटा, मग हवा. त्या कुठेच जात नाहीत. आपण वर जातो, उभं राहतो, परत येतो.

आणि मामा, तिथून जे दिसतं ना! खाली दारातून एकच बेट दिसतं, तिथून तिन्ही दिसतात. पाणी तीन रंगांचं आहे, आणि त्या रंगांमधली रेष दिसते, शिंप्याने खडूने मारल्यासारखी. अख्ख्या किनाऱ्यावरची सगळ्यात चांगली जागा आहे ती, आणि ती तुझ्या थापेवर उभी आहे.

राखणदाराची सही, गवंड्याचा अंगठा आणि त्या अभिप्राय-वहीचं एक पान सोबत पाठवतेय. बघ काचेत.

आता माझा एक प्रश्न. असे अजून किती आकडे पेरलेत पुस्तकात? मी पुढे चाललेय. मला आधी कळलेलं बरं.

भिंगरी

---

संपादन विभाग
२४ जानेवारी

भिंगरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. गवंड्याचा अंगठा भिंगाखाली धरून पाहिला, हेही कबूल करतो. नंतर इतका हसलो की टाइपिस्ट बाई पाणी घेऊन आल्या.

चूक झाली. तुझ्यावर संशय घ्यायला नको होता.

दुसरा आकडा नाही. तेवढा एकच होता. निश्चिंत मनाने पुढे जा, बेटाचं बघ, मग दक्षिणेकडचे किनारे. पक्ष्यांच्या बेटाचा फॉर्म नीट भर. बेटाकडे जाणारा वाळूचा पट्टा ओहोटीला किती वेळ उघडा राहतो तो रकाना रिकामा सोडू नकोस.

आईला कळवलंय. तुझं स्वेटरचं वाक्य तिला वाचून दाखवलं नाही.

मामा

---

बेटासमोरचं गाव, पोस्टाजवळची खोली
२९ जानेवारी

मामा,

पत्र मिळालं. पहिल्यांदाच तू 'चूक झाली' असं लिहिलंस. ते पान वहीत जपून ठेवलंय.

इथे वेगळीच अडचण आहे. बेटाकडे जाणारा वाळूचा पट्टा रोज उघडा पडत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मोठ्या ओहोटीलाच पाणी तेवढं मागे हटतं. म्हणून २ तारखेपर्यंत थांबणं आलं. त्या दिवशी सकाळी दहाला निघेन. तासभर बेटावर, अर्धा तास ये-जा, पुस्तकातले दोन तास भरपूर झाले.

गावातल्यांना आपलं पुस्तक अजिबात आवडत नाही. दुकानदाराने माझ्या हातात ते बघितलं आणि मला पाठमोरा होऊन बिस्किटं दिली. किनाऱ्यावर एक नाववाली असते. तिने तर विचारलंसुद्धा, "तूही निळ्या पुस्तकवाली का?" काहीतरी लपवतायत हे लोक. भाडं मिळावं म्हणून लोकांना घाबरवून नावेत बसवतात, असा माझा अंदाज आहे. छडा लावते.

भिंगरी

---

तार
१ फेब्रुवारी

पट्टा दोन तास नाही सव्वा तास. जाऊ नकोस. मामा

---

पोस्टाजवळची खोली
३ फेब्रुवारी

मामा,

तुझी तार आज सकाळी मिळाली. या गावात तारघर नाही, तारही टपालासोबतच येते, आणि टपाल एक दिवसाआड येतं. तुला ते माहीत नव्हतं, कारण पुस्तकात ते नाही.

काल दहाला निघाले. पट्टा सुंदर होता, ओला, कडक, मधोमध चंदेरी. नाववाली पट्ट्याच्या कडेला नाव लावून बसली होती. किनाऱ्यावर तिचा नवरा गळ्यात शिट्टी घालून. मी जाताना ती म्हणाली, "सव्वा तासात मागे फिर हं पोरी."

मी म्हटलं, दोन तास असतात.

"तुझ्या पुस्तकात असतात."

मी हसले. मला वाटलं, हेच ते. असंच घाबरवतात.

बेटावर गुहा आहे. लाट आत शिरली की आतून कोणी दार आपटल्यासारखा आवाज येतो. पक्ष्यांची घरटी अगदी पायाशी. मी मोजत बसले, एकशे दहापर्यंत आले होते. शिट्टी ऐकू आली. दुर्लक्ष केलं. परत आली. मग ती नाववाली स्वतः ओरडायला लागली, "ए निळं पुस्तक! अगं निघ!" मी घड्याळ बघितलं. अजून पन्नास मिनिटं होती माझी. मी तिच्याकडे बघून नुसता हात हलवला.

पाणी समोरून येत नाही, मामा. दोन्ही बाजूंनी येतं, आणि मधे मिळतं. मी अर्ध्यात होते तेव्हा ते मिळालं. आधी घोट्याला, मग एका लाटेत छातीला. वही गेली. एक चप्पल गेली. पायाखालची वाळू कोणीतरी सतरंजी ओढावी तशी सरकली. तिने माझे केस धरून मला नावेत ओढलं. केसच हाताला लागले, म्हणाली.

तिने एक पैसाही घेतला नाही. घरी नेलं, नवऱ्याचं स्वेटर घातलं मला, चहा दिला. आईला सांग, स्वेटर घातलं.

सहा वर्षं, दर मोठ्या ओहोटीला, ते नाव लावून बसतात. पुस्तकवाल्यांसाठी. पूर्वी नवरा बसायचा. तीन वर्षांपूर्वी एकदम पाच जण अडकले, समुद्र खवळलेला, नाव खडकावर गेली. पाचही वाचले. त्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. म्हणून आता वल्हं तिच्याकडे आणि शिट्टी त्याच्याकडे.

मी विचारलं, तुम्ही छापणाऱ्यांना कळवलं का नाही? तिने डब्यातून एक कार्ड काढलं. त्यांनी दोनदा पत्र लिहिलं होतं. एकाचं उत्तर आलं. 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' खाली सही होती. मी तिला सांगितलं नाही कोणाची.

मामा, मी तुला विचारलं होतं, अजून किती. तू एक म्हणालास. मी तिच्या डोळ्यांवर संशय घेतला आणि तुझ्या टेबलावर विश्वास ठेवला.

आता तू सरळ सांग.

---

संपादन विभाग
८ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझ्या पत्राखाली नाव नव्हतं. ते दिसलं.

आकडे दोन होते. एक चोरांनी ओळखला तर दुसरा उरावा म्हणून. पट्ट्याचा आकडा मी सहा वर्षांपूर्वी घातला तेव्हा वाटलं, तिथे जाणारा माणूस गावात विचारूनच जाईल की. सव्वीस वर्षं समुद्राचं पुस्तक काढतोय, आणि समुद्र मी चार वेळा पाहिलाय. चारही वेळा बंद खिडकीतून, कारण वारा बाधतो.

तुला 'एकच' म्हणून लिहिलं ते चुकून नाही. तू त्या रकान्यात दोन तास लिहितेस की सव्वा, ते मला बघायचं होतं. गवंड्याच्या अंगठ्यानंतरही बघायचं होतं. काचेत बघायची सवय. २९ तारखेचं पत्र आलं, त्यात 'भरपूर झाले' हे शब्द वाचले, आणि तेव्हा कुठे डोक्यात आलं की रकाना भरायला तू खरोखर त्या पाण्यातून चालत जाणार आहेस.

त्या दोघांची पत्रं मला मिळाली होती. मला वाटलं, दुसऱ्या प्रकाशकाचा डाव आहे. खोटा आकडा कोणता हे काढून घ्यायला गावकऱ्याच्या नावाने लिहितायत. म्हणून मोघम उत्तर दिलं, आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

मालकांना आज सगळं सांगितलं. गोदामातल्या प्रत्येक प्रतीत दुरुस्तीची चिठ्ठी घालायचं काम सुरू आहे. विकल्या गेल्या त्यांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. राजीनामा दिलाय. तुझ्या सगळ्या फॉर्मवर 'पडताळले' म्हणून सही केली, ती माझी शेवटची. मालकांनी तुला कायम केलंय. मला विचारलं नाही, ते बरंच झालं.

मी तिकडे येतोय. पौर्णिमेच्या ओहोटीला.

मामा

---

पोस्टाजवळची खोली
१२ फेब्रुवारी

मामा,

ये. मी नसेन. दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर जातेय. तुला समोर बघितलं तर लगेच माफ करावंसं वाटेल, आणि ते मला इतक्यात नकोय.

नाववालीला कोण येतंय ते सांगितलंय. ती म्हणाली, "येऊ दे, नावेला माणूस लागतोच."

नवी वही घेतलीय.

भिंगरी

---

बेटासमोरचं गाव
१७ फेब्रुवारी

भिंगरी,

आज नावेत मी बसलो.

नाववालीने मला ओरडायला हवं होतं. तिने नुसतं कार्ड माझ्या हातात दिलं, म्हणाली, "ही सही तुमचीच ना? अक्षर सुंदर आहे." मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला सांगितली आणि एक वल्हं दिलं. तिच्या नवऱ्याने ते कसं धरायचं ते डाव्या हाताने दाखवलं. वारा बाधला. दोनदा उलटी झाली. दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

साडेदहाला एक जोडपं आलं, हातात निळं पुस्तक. चिठ्ठी नसलेली प्रत. मी नावेतून उतरलो, पुढे गेलो. म्हटलं, साहेब, सव्वा तासात परत फिरा.

"पुस्तकात दोन तास लिहिलंय."

"ते चुकीचं आहे. ते मीच लिहिलंय."

त्याने मला खालून वरपर्यंत पाहिलं. दुमडलेली पँट, परक्याचं स्वेटर, उलटं धरलेलं वल्हं. मग बायकोला म्हणाला, "चल गं. सगळीकडे असलेच भेटतात."

भिंगरी, ती नजर मी ओळखतो. ती माझीच आहे. सव्वीस वर्षं मी फॉर्मांकडे त्या नजरेने बघत आलोय. ती स्वतःवर पडली की कशी लागते, ते आज कळलं.

शिट्टी झाली. ते आले नाहीत. दुसरी झाली. ती बाई उठली होती, त्याने तिला घड्याळ दाखवून बसवलं. मग पाणी दोन्ही बाजूंनी आलं, तू लिहिलं होतंस तसंच. नाववाली उभी राहून वल्हवत होती, मी बसून जमेल तेवढं पाणी मागे लोटत होतो. त्या बाईला तिने घेतलं. त्याला मी. माझ्या हाताला त्याची कॉलर लागली.

नावेत तो बराच वेळ खोकत होता. मग भिजलेलं पुस्तक मांडीवर उघडून वाळवायला लागला, आणि कोणाकडेच न बघता म्हणाला, "याची तक्रार कुठे करायची?"

"पत्ता पहिल्या पानावर आहे," मी म्हणालो.

"उत्तर देतात का ते?"

नाववाली वल्हं न थांबवता म्हणाली, "देतात की. नोंद घेतली आहे म्हणतात."

पुढच्या अमावास्येपर्यंत इथेच आहे. त्याही ओहोटीला नावेला माणूस लागेल.

मामा

ता. क. येताना लाइटहाऊसला उतरलो होतो. वरपर्यंत चढलो, त्या तेरा पायऱ्यासुद्धा. तिन्ही बेटं दिसली. पायऱ्या मोजल्या नाहीत. तू मोजल्या आहेस.